हळू चालणारा मीटर

मंगळवार, ८ नोव्हेंबर २०२२

मॉरीन म्हणाली म्हणून ही वही आणली. मॉरीन म्हणजे मंगळवारी वाचनालयात बसणारी सल्लागार बाई. तिला कुणी पगार देत नाही, हौसेने बसते. चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. म्हणाली, "दर मंगळवारी येत जा, आणि घरात कोण काय करतं ते रोज लिही, शेली. खरं लिही. नटवलेलं त्यांना लगेच कळतं."

तर खरं ते असं. मी केनच्या फिश-चिप्सच्या दुकानात कामाला आहे. मुलं दोन, एफी अकराची आणि अल्बी सहाचा. त्यांचा बाप डॅरन चार वर्षांपूर्वी गेला. मेला नाही, डोंकास्टरला गेला. माझ्यासारख्या कमी पगाराच्या कामकरी आयांना मुलांसाठी करसवलत असते. नाव सवलतीचं, पण येतात रोख पैसे, थेट खात्यात. गेल्या आठवड्यात ते थांबले. कर कार्यालयाने कळवलंय की तुमच्या पत्त्यावर ग्लेन टॉथिल नावाचा पुरुष राहतो, तो तुमचा जोडीदार दिसतो, तेव्हा दोघांचा पगार एकत्र धरावा लागेल. निकाल लागेपर्यंत काही मिळणार नाही.

ग्लेन माझा भाडेकरू आहे. विजेचे दर भडकले तेव्हा मागची छोटी खोली भाड्याने द्यावी लागली, तिथे तो जूनपासून राहतो. गोदीवरच्या धूरघरात हॅडॉक मासे टांगून त्यांना धुरी द्यायची, हे त्याचं काम. बोलतो कमी, आणि वास घेऊन येतो जास्त.

मॉरीनने प्रश्नांची फैर झाडली. एकत्र जेवता का? त्याचे कपडे कोण धुतं? मुलांना शाळेत कोण सोडतं? घरखर्चाला हात कोण लावतं? लोक तुम्हाला जोडपं समजतात का? मी म्हटलं, फ्रिजमध्ये मधोमध पिवळी चिकटपट्टी आहे, वर आमचं, खाली त्याचं. कपडे तो आपले आपण धुतो, नाहीतर मुलांच्या शर्टांना मासळीचा वास लागेल. भाडं दर शुक्रवारी चहाच्या डब्याखाली ठेवतो.

"मग तुला काळजी कसली?" मॉरीन म्हणाली.

"पैशांची," मी म्हटलं. "ते पैसे माझ्या खात्यात येतात. माझ्या. डॅरन होता तेव्हा पावाला पैसे मागायचे तरी आधी त्याचा चेहरा बघावा लागायचा."

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

मॉरीनचे प्रश्न डोक्यातून जात नाहीत. जोडपं म्हणजे नक्की काय, हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. आज शुक्रवार, दुकानात रांग दारापर्यंत. प्रत्येक गिऱ्हाइकाला मनातल्या मनात तेच प्रश्न विचारून पाहिले.

पुलेन आजोबा आणि आजी. लग्नाला पन्नास वर्षं झाली असतील. दोघं वेगवेगळे पैसे काढतात. आजोबा दुकानाच्या खिडकीत बसून खातात, आजी आपलं पुडकं घरी नेऊन कुत्र्याबरोबर खाते. त्यांचं पेन्शन कुणी थांबवत नाही.

केनला विचारलं. तो तळणीत पीठ सोडत होता. म्हणाला, "माझी बायको मार्चपासून माझ्याशी बोललेली नाही. तरी आम्ही जोडपं. का, तर चर्चच्या पायरीवर फोटो काढलाय. बटाट्याचा भाव काय झालाय बघितलास का? असले प्रश्न विचारायला तुला सुचतं तरी कसं?"

मग डॅरनला प्रश्न लावले. एकत्र जेवण? टीव्हीसमोर, तो एकटा. मुलांना शाळेत? त्याला शाळेचं दार कुठल्या रस्त्यावर आहे ते माहीत नव्हतं. घरखर्च? हसू आलं. म्हणजे या हिशेबाने मी आठ वर्षं एकटीच होते. त्या वेळी का नाही दिले पैसे?

रविवार, २० नोव्हेंबर

खोट्याची भीती नको म्हणून हेही लिहिते. आज आम्ही एकाच ओव्हनमध्ये रांधलं.

झालं असं की मी बटाटे भाजायला लावणार, तेवढ्यात ग्लेन त्याचा मासा घेऊन आला. ओव्हन दोनदा तापवायचा म्हणजे पैसे पेटवण्यासारखंच. तो म्हणाला, "खालच्या कप्प्यात ठेवू का?" मी म्हटलं, ठेव. सगळं एकदम शिजलं. मग त्याने एकट्याने खोलीत जाऊन खायचं हे बरं दिसेना. त्याचा मासा एका माणसाला जास्त होता. अल्बीने काटे न काढता खाल्ला असता, ग्लेनने काढून दिले.

हे जेवण विजेच्या दरामुळे झालं, जोडपं असल्यामुळे नाही. मॉरीनला तसं स्पष्ट सांगायचं.

रविवार, ४ डिसेंबर

थंडी खरी सुरू झाली. आता एकच खोली तापवतो, पुढची. सगळे तिथेच बसतो, ग्लेनसुद्धा. त्याच्या खोलीत श्वासाची वाफ दिसते, माणसाला तिथे बसवणं मला जमणार नाही. तो कोपऱ्यात बसून अल्बीला दोरीच्या गाठी शिकवतो. अल्बीने माझ्या खुर्चीला अशी गाठ मारली की सोडवायला ग्लेनलाच बोलवावं लागलं.

एक गंमत लक्षात आली आहे. जिन्याखालचा विजेचा मीटर हळू चालतोय.

आमचा मीटर किल्लीवर चालतो. किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन भरायची, मीटरमध्ये घालायची, पैसे संपले की घरात अंधार. मी शुक्रवारी भरते आणि बुधवारी जीव टांगणीला लागतो. हिवाळ्यासाठी सरकारने दिलेलं कूपन तर कधीच संपलं. तरी या आठवड्यात बुधवारी बघते तो पुष्कळ शिल्लक. गेल्या आठवड्यातही तसंच झालं होतं, तेव्हा वाटलं मीच चुकले असेन.

मी ग्लेनला जिन्याखाली नेऊन दाखवलं. म्हटलं, "थंडीने आतली चाकं आखडली असतील का?"

त्याने वाकून पाहिलं. "जुने मीटर असतात तसे," म्हणाला.

"कंपनीला कळवायला हवं का?"

"मी तरी कळवणार नाही."

मीही नाही कळवणार. चार वर्षांत या घरातली एकतरी वस्तू माझ्या बाजूने झाली.

मंगळवार, १३ डिसेंबर

ज्याचं कुतूहल त्यालाच काम. मी मीटरवर प्रयोग केले. किटली लावली आणि जिन्याखाली बसून पाहिलं, आकडा भराभर उतरला. ओव्हन लावला, त्याहून भराभर. म्हणजे मी बघत असले की नीट चालतो, आणि पाठ फिरली की हळू. माझ्यासारखाच कामचुकार.

एफीला शाळेत घरातली कुठलीतरी गोष्ट मोजून आणायला सांगितली आहे. तिने मीटर घेतला. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवते. आज येऊन म्हणाली, "आई, मीटर हळू नाही चालत. मध्येच वर चढतो."

मी म्हटलं, "मीटर वर चढत नाही, राणी. तू घाईत वाचलं असशील."

"मी नाही घाईत वाचत," ती म्हणाली आणि ग्लेनकडे पाहिलं. ग्लेन बटाटे सोलत होता. फारच पातळ सोलतो तो, साल उजेडात धरली तर पलीकडचं दिसेल.

शुक्रवार, १६ डिसेंबर

दोन धुण्यांचं एक धुणं केलं, आणि व्हायचं तेच झालं. एफीच्या शाळेच्या शर्टाला धुराचा वास. वर्गातल्या मुलींनी नाकं मुरडली. एकीने विचारलं, तुझे बाबा धूरघरात काम करतात का? एफी म्हणाली, हो.

हे मला अल्बीकडून कळलं. मी एफीला म्हटलं, "भाडेकरू आहे असं सांगायला काय झालं होतं?"

"ते सांगायला वेळ लागतो," एफी म्हणाली.

हे लिहायचं की नाही यावर बराच विचार केला. 'लोक तुम्हाला जोडपं समजतात का' यात मुली येतात का? मी कपडे पुन्हा वेगळे धुवायला लागले आहे. ग्लेनला कारण सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. त्याला वाईट वाटलं असेल. वासाचं कुणी तोंडावर सांगितलं तर कुणालाही वाटेल.

सोमवार, २६ डिसेंबर

नाताळ झाला. केनने टर्कीचा एक पाय दिला, मोठा होता. ग्लेनला बहिणीकडे जायचं होतं, पण गाडी बंद पडली म्हणून गेला नाही. आज अंगणात सहज बघितलं तर गाडी चालू करून तो काच खरवडत होता. म्हटलं, "झाली वाटतं दुरुस्त." तो म्हणाला, "हो, आपोआपच." जुन्या गाड्यांचं आणि जुन्या मीटरचं मला कळत नाही.

मला मात्र बरं वाटलं तो होता म्हणून. इतकं बरं गेल्या कित्येक नाताळांत वाटलं नव्हतं. हे पान मॉरीनला दाखवायचं नाही.

मंगळवार, ३ जानेवारी २०२३

वाचनालय भरलेलं होतं. कुणी वाचत नव्हतं, तिथे शेगडी फुकट असते म्हणून बसलेले. मॉरीनने आज पहिल्यांदाच वही वाचली, सगळी. मी नाताळचं पान मुडपून ठेवलं होतं, ते तिने उलगडलं नाही. पण मीटरच्या पानावर थांबली.

"मीटर हळू चालतो?"

"हो ना."

"हे तू कुणाला बोललीस?"

"ग्लेनला. तो म्हणाला, जुने असतात तसे."

मॉरीनने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "शेली, मी सरळ विचारते. तुम्ही दोघं नवरा-बायकोसारखे राहता का?"

"नाही," मी म्हटलं. "त्याने माझा हातसुद्धा कधी धरलेला नाही."

"ते खरंय. मला दिसतंय की ते खरंय." मग तिने त्या कार्यालयासाठी सगळं नीट मांडून दिलं, भाडं, वेगळी खोली, वेगळं खातं. निघताना माझा हात दाबून म्हणाली, "पोरी, उद्या काही बदललं तर त्यांना त्याच दिवशी कळव. नाहीतर पुढे डोक्याला ताप होतो." काय बदलणार आहे? बाई वयाप्रमाणे जरा जास्तच काळजी करते.

गुरुवार, १९ जानेवारी

निकाल लागला. ग्लेन माझा जोडीदार नाही. पैसे पुन्हा सुरू, आणि थांबवलेले सगळे परत.

मी स्वयंपाकघरात उभी राहून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'दोघांमध्ये असे कोणतेही नाते आढळले नाही.' हे वाक्य मी दोनदा वाचलं, इतकी मी खूश होते. अल्बीने टाळ्या वाजवल्या. एफी वर निघून गेली, तिच्या वयाचं काही सांगता येत नाही.

ग्लेन म्हणाला, "चांगलं झालं." मग कप विसळायला गेला. एकच कप होता, फार वेळ विसळत राहिला.

जेवताना म्हणाला की धूरघरातल्या एकाची खोली रिकामी आहे, तिकडे जावं म्हणतो. "माझ्यामुळे पुन्हा कुणी तुला प्रश्न विचारायला नको."

मी म्हटलं, "निकाल आपल्या बाजूने लागलाय. आता कशाला जातोस?"

"म्हणूनच," तो म्हणाला.

मला यातलं एक अक्षर कळलं नाही. घर सोडायचंच तर हरल्यावर सोडतात.

शनिवार, २८ जानेवारी

गेला. दोन बॅगा आणि एक कढई. अल्बीने बॅगेच्या पट्ट्याला गाठ मारून ठेवली होती, ती ग्लेनने सोडवली नाही, तशीच नेली.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

पैसे खात्यात आले. मी त्यांची इतकी वाट पाहिली होती, आणि आज दुकानात केनने विचारलं, "काय गं, तोंड का उतरलंय?" तर मी मीठ आणायला मागच्या खोलीत गेले.

फ्रिजमधला खालचा कप्पा रिकामा आहे. दूध वरच दाटीवाटीने ठेवते. अल्बीने काल ताटं मांडली ती चार. एफीने एक उचलून ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी फोडलंय.

मला त्याची आठवण येते. लिहून टाकलं. बघू आता कागदाला काय होतं ते.

रविवार, ५ फेब्रुवारी

दुपारी मटणाचा तुकडा ओव्हनमध्ये, बटाटे अर्धे कच्चे, आणि घर गप्प झालं. दिवे गेले. मला वाटलं सगळ्या गल्लीचे गेले. बाहेर पाहिलं तर पुलेन आजींच्या खिडकीत टीव्ही चालू.

जिन्याखाली गेले. मीटर शून्यावर.

"परवा तर भरली होती किल्ली. हल्ली निम्म्यानेच भागत होतं," मी म्हटलं. "बिघडला वाटतं."

एफी पाठीशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, तो बिघडला नाही. आता बरोबर चालतोय." मग म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, वर चढतो. मंगळवारी चढायचा. मंगळवारी तू वाचनालयात जायचीस."

मी तिथेच कोटांखाली बसले. नोव्हेंबरपासूनचं सगळं एकेक करून आठवलं. मीटर, नाताळातली गाडी, पातळ सालं. सगळ्या गावाला प्रश्न विचारत हिंडले, केनला, पुलेन आजोबांना, मेल्या मीटरलासुद्धा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एफीला कळलं, मॉरीनला कळलं, अल्बीने गाठ मारून ठेवली. मला तेवढं कळलं नाही.

आणि आधी आला तो राग.

सोमवार, ६ फेब्रुवारी

दुपारच्या सुट्टीत सरळ धूरघरात गेले. अंगावर दुकानाचा ॲप्रन तसाच. ग्लेन सळ्यांवर हॅडॉक ओवत होता. इतर माणसं मला पाहून उगाच लांब जाऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "मीटर सुधारला."

त्याने आणखी दोन मासे ओवले.

"मला न विचारता माझ्या घरात पैसे घालत होतास. मला उपकार नको होते, ग्लेन. एक माणूस पैसे द्यायचा आणि वर्षभर ऐकवायचा. त्यातून मी बाहेर पडले ते पुन्हा कुणाचे उपकार घ्यायला नाही."

"मी ऐकवलं का?"

"नाही."

"मग?" त्याने सळई खाली ठेवली. "उपकार कसले. मी पण त्याच खोलीत बसत होतो. ऊब काय तुझ्या एकटीच्या नावावर होती?"

मी डोळे पुसले. डोळ्यांत धूर गेला होता, थोडा खराच गेला होता.

"मग गेलास का?" मी विचारलं.

"तू तो निकाल दोनदा वाचलास, शेली. 'कोणतेही नाते नाही.' पहिल्यांदा सोसलं."

मी म्हटलं, "मी मूर्ख आहे."

"थोडी," तो म्हणाला. मागे कुणीतरी हसलं.

मग मी त्याला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. तो परत आला, आणि भाडेकरू म्हणून नाही आला, तर दोघांचे पगार एकत्र धरतील. माझी सवलत बंद होईल. नवीन मिळेल ती फारच कमी. हातात येणारं कमी आणि दुकानातलं सगळं महाग, असं ते गणित आहे. आणि मला भीती वाटते, पैशांची नाही, माझ्या नावाचं काही उरणार नाही याची.

त्याने ॲप्रनला हात पुसले, खूप नीट पुसले, आणि माझा हात धरला. मासळीचा वास, धुराचा वास. मी दुकानात परत गेले तर केन म्हणाला, "आज तुझ्या हाताला कुणाचा वास येतोय?" या गावात कुणाच्या नाकापासून काही लपत नाही.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

सकाळी ग्लेन दोन बॅगा आणि कढई घेऊन आला. अल्बीने आधी पट्ट्यावरची गाठ तपासली, मग त्याला आत घेतलं.

मॉरीन म्हणाली होती, त्याच दिवशी कळव. म्हणून मी कर कार्यालयाला फोन लावला. फार वेळ पिपाणी वाजत राहिली, तेवढ्यात एफीने फ्रिजमधली पिवळी पट्टी काढली. तिच्याबरोबर थोडा रंगही निघाला. शेवटी एक मुलगी बोलली, आवाजावरून एफीहून फार मोठी नसावी.

मी म्हटलं, "मला बदल कळवायचाय. मी आता एकटी राहत नाही."

"कोणाबरोबर राहता?"

"ग्लेन टॉथिल."

टकटक टकटक. मग ती थांबली. "पण इथे तर दिसतंय की गेल्याच महिन्यात तुम्ही सांगितलं होतं, तो जोडीदार नाही म्हणून."

"तेव्हा नव्हता," मी म्हटलं. "निदान मला माहीत नव्हतं."

"कोणत्या तारखेपासून धरू?"

ही वही समोर उघडी होती. ओव्हनचा रविवार पाहिला, मीटरचा पाहिला, मुडपलेलं नाताळचं पान पाहिलं. यातली कुठली तारीख खरी ते मला अजून सांगता येणार नाही. पण बॅगा दारात होत्या, आणि काल धूरघरात माझा हात त्याच्या हातात येईपर्यंत तो दुसऱ्याच्या खोलीत झोपत होता.

"आजपासून," मी म्हटलं.

ती म्हणाली, आजपासून तुमची सवलत बंद, आता दोघांच्या नावाने नवा अर्ज करा, त्यात विचारतील की पैसे कुणाच्या खात्यात घालायचे. हे मी मुद्दाम मोठ्याने म्हणून दाखवलं. "पैसे कुणाच्या खात्यात?" ग्लेन बटाटे सोलत होता. त्याने मान वर केली नाही, सुरीचं टोक तेवढं माझ्याकडे केलं आणि पुन्हा सोलायला लागला.

फोन ठेवण्याआधी ती मुलगी हळूच म्हणाली, "अभिनंदन हं."

ग्लेनने विचारलं, "काय म्हणाली?"

"अभिनंदन म्हणाली आणि पैसे बंद केले."

त्याने बटाट्यांचं पातेलं उचललं. "मग आता?"

"आता ओव्हन लाव," मी म्हटलं. "आणि मासा खालच्या कप्प्यात ठेव."